सासऱ्यांची चकचकीत बाटली

"बाबा, थोडी लघवी हवी होती," असं सासऱ्यांना म्हणायचं तरी कसं, या विचारात सूनबाईचा चहा पार गार झाला. पण इलाज नव्हता. मूत्राशयाच्या कर्करोगावरचं एक औषध ती प्रयोगशाळेत तपासत होती. ते थेट मूत्राशयात सोडायचं, म्हणून लघवीत मिसळल्यावरही त्याचा जोर टिकतो का, हे बघायला निरोगी माणसाची लघवी हवी होती. नवरा नेमका सर्दीच्या गोळ्यांवर.

शेवटी तिने मनाचा हिय्या करून विचारलं. सासरे तर हरखलेच. "निरोगी म्हणून माझीच आठवण झाली ना? ऐकलंस गं?" त्यांनी बायकोला सुनावलं. तिने दिलेली बाटली सकाळी भरून त्यांनी ती बक्षीस दिल्यासारखी सुनेच्या हाती ठेवली.

तिने बशीतल्या काही कर्करोगाच्या पेशींवर औषध मिसळलेली लघवी घातली, काहींवर नुसती. नुसत्या लघवीतल्या जगायला हव्या होत्या. दुसऱ्या दिवशी बघते तर काय, दोन्हीकडच्या सगळ्या ठार!

"मग औषधाने काय दिवे लावले?" विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या. "शुक्रवारच्या बैठकीत हे काम बंद करू."

एवढ्या वर्षांची मेहनत! सगळी पाण्यात जाणार. आणि त्याहून मोठी धास्ती म्हणजे, बाबांनाच काही झालं नसेल ना?

घरी येऊन तिने आडून आडून सुरुवात केली. "बाबा, कसलं औषध घेता का? जळजळ वगैरे?"

सासूबाईंनी टीव्ही बंद केला. "तरी मी म्हणत होते, डॉक्टरकडे जा!"

"मला काय धाड भरलीय?" सासरे गरजले. "बाटलीसुद्धा आधी चकचकीत धुतली होती. संडास घासायच्या निळ्या औषधाने! आपल्या घरातून जाणार, लोक काय म्हणतील?"

सूनबाईने कपाळावर हात मारला. "अहो बाबा, त्या निळ्या औषधानेच माझ्या सगळ्या पेशी मेल्या! बाटली निर्जंतुक होती! सीलबंद!"

"कंपनीवाल्यांचा काय भरवसा?" मग त्यांचे डोळे चमकले. "म्हणजे कॅन्सर माझ्या बाटलीने मेला? मग तेच द्या की पेशंटला!"

"पेशींबरोबर पेशंटही जाईल, बाबा."

दुसरी बाटली न धुता आली. या खेपेला नुसत्या लघवीतल्या पेशी मजेत होत्या आणि औषधातल्या आडव्या झाल्या होत्या. शुक्रवारी मॅडमनी काम पुढे चालू ठेवायला सांगितलं, तेव्हा सूनबाईचा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी सासरे बूट चढवून निघाले. "सगळ्यांना सांगून येतो. सुनेच्या औषधात माझाही वाटा आहे!"

"सांगा हो, खुशाल सांगा," सासूबाई म्हणाल्या. "फक्त कुणी 'कसला वाटा' असं विचारलं, की तसेच घरी या."