रेशमी रुमालाच्या मुरडीची बखर

श्री. जिची कृपा रेशमाच्या तंतूसारखी, डोळ्यांस दिसत नाही परंतु ओढिली तरी तुटत नाही, त्या जगदंबेस दंडवत घालून, आणि गणरायापुढे सुपारी ठेवून, हे लिहिण्यास बसले. शके सोळाशे चौऱ्याण्णव, नंदन नाम संवत्सरे, माघमासी एका राज्यात जे जाहले ते येणेप्रमाणे. राज्याचे नाव पुसू नये. नाव घेतले तर तेथील बायका ‘आमचा रुमाल ऐसा नव्हता, तैसा होता’ म्हणोन भांडावयास येतील, आणि रुमालाच्या गोष्टीत त्यांच्यापुढे आजवर कोणाचे चालिले नाही.

तरी मूळ ऐसे जे, पूर्वी त्या राज्याच्या मूळपुरुषाचे शिलेदार स्वारीस जात आणि चिलखताचा काठ लागून त्यांच्या माना सोलवटत, मग त्यांच्या बायकांनी जुन्या रेशमी लुगड्यांचे चौकोनी तुकडे करून नवऱ्यांच्या गळ्यास बांधिले. लढाई जिंकिली की हरिली हे आता कोणास आठवत नाही, परंतु फौज माघारी आली तेव्हा मूळपुरुषाच्या राणीने ते रुमाल पाहिले आणि बोलिली, “इतके चांगले रेशीम आणि घाम पुसावयास?” आणि एक सोडवून आपल्या गळ्यास बांधिला. तेथून टूम निघाली. मग सरदारणींनी तो केसांवर बांधिला, कोणी मनगटास गुंडाळिला, एकीने तर पानाच्या डब्याच्या कडीस गाठ मारून लोंबता सोडिला, आणि तिला हसणाऱ्या साऱ्या जणींच्या डब्यांस महिन्याच्या आत रुमाल लागले. शेजारच्या दरबारांतून बायका तीर्थयात्रेच्या मिषाने येऊन नक्षी पाहून जात. मग चाल पडली की दरसाल वसंतपंचमीच्या दरबारी राणीसाहेबांनी नवा रुमाल बांधून बसावे, आणि ती नक्षी तोवर परक्या डोळ्यांस पडू नये. ऐसी सत्तर वर्षे गेली.

रुमालाचे काम म्हणाल तर चिताऱ्याने चित्र लिहावे, मग रंगाऱ्याने रंगागणिक वेगळा लाकडी ठसा कोरावा. यंदाच्या चित्रात तळे, कमळे आणि बगळे होते, त्यास एकोणतीस रंग आणि एकोणतीस ठसे लागले. एक ठसा केसभर सरकला तर बगळ्याचा डोळा चोचीवर जाई, म्हणोन ठसा उचलिताना रंगारी श्वास धरीत आणि त्यांच्या बायका घरी देव पाण्यात ठेवीत. मग वाफ देऊन रंग पक्का करावा, मग धुवावे, आणि सर्वांशेवटी काठास मुरड घालावी. ही मुरड करंजीच्या मुरडीची बहीण. अंगठ्याने आणि तर्जनीने काठ चित्राच्या बाजूस वळवीत न्यावा आणि आत टाका लपवावा. फार दाबिली तर काठ मेला, सैल सोडिली तर रुमाल चारचौघीत उलगडला. चारी काठांस चार दिवस लागत. शेजारचे दरबार हे सोडून काठ खळीने चिकटवू लागले होते, आणि त्यांचे रुमाल दुसऱ्या धुण्यास पापडासारखे होत.

मुरडीच्या कारखान्यात बारा बाया होत्या, आणि त्यांची मुख्य चिमाबाई शिंपीण, वय पन्नास, त्यांपैकी बत्तीस वर्षे मुरडीत गेलेली. त्या साऱ्यांची रीत ऐसी की अंगठा जिभेस लावावा, आणि मग काठ वळवावा. कोरड्या बोटावर रेशीम ठरत नाही. हे आईने लेकीस शिकविले आणि कोणी कधी बोलिले नाही, कारण कोणी कधी पाहिले नाही. यंदा राजोपाध्ये धोंडभट कारखान्यात मुहूर्त सांगावयास गेले आणि त्यांनी पाहिले.

“शिव शिव! हे उष्टे!” धोंडभट दारातच थांबोन ओरडिले. “हे देवीच्या अंगावर जावयाचे!”

कारण चाल ऐसी होती की तीन रुमाल सारखे करावे, एक देवीस, एक राणीसाहेबांस, आणि एक अडीअडचणीस. धोंडभट माणूस वाईट नव्हते, भिणारे होते. मागील साली युवराजांस गोवर आला तो आपला मंत्र चुकला म्हणोन, ऐसे त्यांचे मन त्यांस खाई. मग त्यांनी कारभाऱ्यांकडून हुकूम काढविला की मुरडकरणींनी तोंडास फडके बांधावे आणि बोट पाण्याच्या वाटीत बुडवावे. आणि हे न जमल्यास कारखाना मोडून काठ खळीने चिकटवावे, बायांस घरी पाठवावे. चिमाबाई एवढेच बोलिली, “भटजी, पाण्याचा डाग रेशमास सोडीत नाही.” ते कोणी ऐकिले नाही. पहिल्या दिवशी देवीच्या रुमालावर थेंब पडोन रुपयाएवढे वळे उठिले, दुसऱ्या दिवशी अडीअडचणीच्या रुमालावर दोन. मग एकच रुमाल राहिला, तोच आधी देवीस जावयाचा, आणि पंचमीस पाच दिवस. वाटी काढिली, परंतु फडके राहिले. हुकूम जाहला की हा रुमाल चिमाबाईनेच एकटीने करावा, आणि तिजवर नजर ठेवावयास धोंडभटांची थोरली बहीण वेणूआक्का, सोवळ्यातली विधवा बाई, दोन हात अंतर राखोन बसावी.

चिमाबाई कोरड्या बोटांनी मुरड घालू लागली. रेशीम निसटे, मग पुन्हा धरावे, पुन्हा निसटे. फडक्यात श्वास कोंडे. बाहेर अकरा बाया ओसरीवर बसोन आत कान लावीत, आणि आत सुई खाली पडली तरी बाहेर अकरा काळजे हलत. आक्का माळ ओढीत आणि मध्येच म्हणत, “किती राहिले गं?” आणि चिमाबाई फडक्यातून म्हणे, “पुसू नका हो आक्का, पुसले की हात कापतो.” मग आक्कांच्या माळेचा वेग वाढे. ऐसे तीन काठ जाहले. तृतीयेस दुपारी चौथा काठ अर्धा आला, बाया जेवावयास गेल्या, आणि सुई निसटोन चिमाबाईच्या बोटात गेली.

“आक्का, रक्त.”

“कोठे?”

“बगळ्याच्या पंखावर. पांढऱ्यावर.”

“अगो बाई! पाणी आणू?”

“पाण्याने पसरेल, वर वळे उठेल. ज्याचे रक्त त्याचीच थुंकी लागते, आक्का. पोरींस आम्ही पहिल्या दिवशी हेच शिकवितो. ओले आहे तोवर निघते. वाळले तर रुमाल गेला.”

“मग काढ ते फडके!”

“कशाने? या हाताने मुरड धरिली आहे, त्याने ताण धरिला आहे. एक सोडिला तर काठ उलगडेल आणि रक्त पाण्यात जाईल, तळ्याच्या. गाठ मागे आहे. तुम्ही सोडा.”

आक्का उठिल्या आणि उभ्याच राहिल्या. बोलिल्या, “चिमे, मी सोवळ्यात आहे. अजून जेवले नाही गं. शिवले तर पुन्हा स्नान, पुन्हा स्वयंपाक. धोंडू काय म्हणेल?”

चिमाबाईचे डोळे त्या थेंबावर होते. थेंबाची कड काळी पडू लागली होती. आक्कांनीही ती पाहिली. मग त्या दोन हातांचे अंतर ओलांडून आल्या आणि गाठीस बोटे लाविली. गाठ सकाळी एका दांडग्या पोरीने मारिलेली, सुटेना; आक्कांची बोटे सांधेदुखीची. “मेली कोणी बांधली ही? बैल बांधला आहे की बाई?” ऐसे म्हणत त्यांनी खाली वाकोन गाठीस दात लाविले. गाठ सुटली. चिमाबाईने मान झुकवून जिभेचे टोक त्या ठिकाणी टेकविले, मग पुन्हा, मग पदराच्या कोपऱ्याने टिपावयास आक्कांस सांगितले, आणि आक्कांनी टिपिले. लाल होते ते गुलाबी जाहले, आणि गुलाबी होते ते गेले. मग उरला काठ चिमाबाईने मोकळ्या तोंडाने पुरा केला, आणि आक्का शेजारी बसोन राहिल्या, परंतु माळ हाती घेतली नाही.

चतुर्थीस रुमाल राणीसाहेबांपुढे गेला. चिमाबाई तेथे उभी, पाठीमागे अकरा बाया. कोणी न पुसता आक्कांनी सर्व सांगितले, दातांसकट. धोंडभट खांब धरोन बोलिले, “आक्का, हे तू केलेस? देवीस उष्टे?”

आक्का म्हणाल्या, “धोंडू, तू पूजेस काय नेसतोस?”

“मुकटा. रेशमाचा. त्याहून सोवळे काय आहे?”

“माझ्या सासरी समोरच्या घरी रेशमाचे किडे पाळीत. मी अठरा वर्षे पाहिले. किडा ते रेशीम कोठून काढितो, ठाऊक आहे?”

धोंडभट आपल्या उपरण्याचा काठ पाहू लागले.

“तोंडातून. लाळ आहे ती, बाबा. तू लाळ नेसून देवापुढे बसतोस आणि देव तुला जेवावयास घालितो.”

मग कोणी हसले नाही, कारण राणीसाहेब हसल्या नव्हत्या. त्यांनी रुमाल उजेडात धरिला, चिमाबाईस जवळ बोलाविले आणि पुसिले, “डाग कोठे होता?” चिमाबाईने चारी काठ अंगठ्याखालून फिरविले, बगळा सापडला, पंख सापडला, डाग सापडेना, आणि तेव्हा, तीन दिवस न रडलेली ती बाई रडू लागली. राणीसाहेब बोलिल्या, “देवीच्या अंगावर भटजींनीच घालावा. आरतीनंतर उतरला की प्रसाद म्हणोन मला द्यावा. फडकी चुलीत घालावी.” आणि कारखान्याविषयी दुसरा शब्द निघाला नाही, म्हणजे तो राहिला.

पंचमीस धोंडभटांनी देवीस रुमाल घातिला, आणि ते रात्रीपर्यंत युवराजांच्या कपाळास हात लावून पाहत होते. ताप आला नाही. षष्ठीस ते कारखान्याच्या दाराशी येऊन उभे राहिले, काखेत आपले रेशमी उपरणे, त्याचा काठ गेलेला.

चिमाबाई म्हणाली, “ठेवा. पण जीभ लागेल हो, भटजी.”

धोंडभटांनी उपरणे काखेतून काढिले. मग बोलिले, “लागू दे. गोमूत्र शिंपडीन.” आणि उपरणे तिच्या हाती दिले, वरून सोडून नव्हे, हातात.

येणेप्रमाणे रुमालाची, मुरडीची आणि दोन बायांची हकीकत. सारांश, बगळा वाचला, बारा घरे वाचली. आक्का त्या तृतीयेस घरी जाऊन पुन्हा नाहिल्या की तैशाच जेविल्या, याची खबर मात्र काढिली तरी निघाली नाही, त्या पुसणारीस म्हणत, “तुला काय करायचे आहे?” इति.