पेरलं नाही, सांडलं

आमचे दाजी वर्षातून एकदा मुद्दाम पडायचे. पाय घसरून नव्हे, ठरवून. ज्येष्ठ सरता सरता फाटकी पिशवी खांद्याला लावायची, शहराबाहेरच्या तळ्यावर जायचं, चिखलात जागा पसंत करायची आणि बदकन् बसायचं. पिशवीतले दाणे विखुरले की धोतर झटकत उठायचं आणि ऐकायला कुणी नसलं तरी सांगायचं, "पेरलं नाही. सांडलं."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. काशीतल्या आमच्या मंगला गौरीच्या गल्लीत सगळेच त्यांना दाजी म्हणतात, पण खरा हक्क माझा.

हे सांडणं माझ्या आक्काचं. ऋषीपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हे आपल्या बायकांना ठाऊकच आहे. इथं त्या दिवशी तिन्नी चालते. तिन्नी म्हणजे जंगली भात, तळ्याकाठी आपला आपण उगवतो. लांब तांबडी कुसळं, आणि दाणा पिकला की कुणाची वाट बघत नाही, गळून चिखलात जातो. म्हणून लोंब्या हिरव्या असतानाच त्यांना गाठी मारायच्या आणि पुढं एका सकाळी दव आहे तोवर दाणे टोपलीत झाडून घ्यायचे. आक्काचा नेम असा, की घेतलं त्यातलं अर्धं तळ्याला परत. पण हातानं पेरलं तर ती शेती झाली, मग पंचमीला चालायची नाही. त्यावर तोड म्हणून दाजी पडायचे. आक्का काठावर उभी राहून पदरात हसायची.

आक्का गेली तसा दाजींनी पंचमीचा उपासही स्वतः धरला. बायकांचं व्रत. गल्लीनं थट्टा केली, त्यात मी पुढं. म्हटलं, दाजी, आता हळदीकुंकवालाही जात जा. म्हणाले, बोलावलं तर जाईन.

तळ्याला लागून एकाचं धानाचं शेत होतं. तुझ्या धानाचं वारं माझ्या तिन्नीला लागू देऊ नकोस, जात बिघडते, असं दाजी त्याला दर वर्षी बजावायचे. तो बिचारा म्हणायचा, हवा को रस्सी बाँधूँ का, दाजी? दुसऱ्या दिवशी दाजी बांबू घेऊन हजर. शेत आणि तळ्याच्या मधे आक्काचं जुनं नऊवारी बांधून आले.

मग विद्यापीठातली एक मॅडम यायला लागली. तिनं समजावलं, की रोग न लागणारं धान काढायचं तर असल्या जंगली भाताचाच वाण त्यात घालावा लागतो, आणि प्रत्येक तळ्याचा वाण निराळा. मूठभर द्या, थंडगार कपाटात जपून ठेवते. दाजींनी तिला चहा दिला, दाणा दिला नाही. कपाटात ठेवलेलं ऋषींचं राहत नाही, सरकारचं होतं, असं त्यांचं म्हणणं.

त्याच हिवाळ्यात तळ्यात माती पडली आणि मातीवर प्लॉटचे खांब उभे राहिले.  कार्तिकात झाडून आणलेली तिन्नी आक्काच्या पत्र्याच्या डब्यात होती. दाजी रोज संध्याकाळी ती सांडायला दुसरं तळं शोधत हिंडायचे.

वैशाखात आक्काचं श्राद्ध. मी चाळीस वर्षं यात्रेकरूंच्या पंगती रांधल्या आहेत. माझ्या बहिणीच्या श्राद्धाला दुसरा आचारी कशाला? दाजी पंचगंगा घाटावर स्नानाला गेलेले. फळीवर डबा दिसला. मनात आलं, तिचाच तांदूळ तिला पोचू दे. उखळात सगळी तिन्नी सडली. पिंड केले, उरलेला भात पानावर वाढला.

दाजी जेवायला बसले आणि पानाकडं बघतच राहिले. मी तोऱ्यात विचारलं, "आक्काची तिन्नी. ओळखली का?"

"ओळखली," म्हणाले. सावकाश जेवले. मग पान पुढं केलं. "वाढा अजून थोडा. मऊ झालाय. तिला असाच आवडायचा."

चार दिवसांनी ती मॅडम परत आली. दाजी घरी नव्हते. तिनं तिन्नीबद्दल विचारलं, म्हणाली त्या तळ्याचा वाण आता दाजींच्या घरी आहे तेवढाच. सडून टरफल गेलेला दाणा उगवत नाही, हे मला कुणी शिकवायला नको होतं. चूक कबूल करायची मला सवय नाही. तरी त्या संध्याकाळी दाजींना विचारलं, पानावर बसलात तेव्हाच का नाही बोललात?

"मेव्हणे," ते म्हणाले, "तिच्या पानावर बसून तिच्या भावाशी भांडू?"

ज्येष्ठात त्यांनी ती फाटकी पिशवी काढली, उलटी केली, शिवणीवरून बोट फिरवत बसले. म्हणाले, कुसळ कापडात रुततं, एखादा दाणा अडकला असेल. पण कंबर धरलेली, उठवेना. मीच रिक्षा आणली. त्यांनी शोधून ठेवलेल्या तळ्यावर गेलो, त्यांना काठावर बसवलं आणि पिशवी माझ्या खांद्याला लावली.

जन्मात मी कुणापुढं वाकलो नाही. बसलो चिखलात.

"असं नाही, मेव्हणे. मुद्दाम केल्यासारखं दिसतंय."

पुन्हा उठलो, पुन्हा पडलो. तिसऱ्यांदा दाजी "हां" म्हणाले. पेरलं नाही, सांडलं, हेही मग मीच म्हटलं. ते काठावरून बघत होते, आक्का बघायची तसे.

पिशवीतून काही पडलं का, ते मी खाली बघितलं नाही.