साहेबांची तब्येत

पेणच्या मासळीबाजारात सगळ्यात चोखंदळपणे तिसऱ्या कोण घेत असेल, तर आमचे डॅनियलकाका. आणि या माणसाने जन्मात एक तिसरी तोंडात घातलेली नाही.

टोपलीपुढे ते उकिडवे बसतात आणि एकेक शिंपली उचलून तिला नखाने टिचकी मारतात. तोंड मिटलं तर ती जिवंत, नाही मिटलं तर बाजूला. पार्वतीमावशी कोळीण थोडा वेळ सोसते, मग तिचा तोल सुटतो.

"काका, तुमी सोता खात नाय, मंग सोयरीक जमवाया आल्यासारखं काय बघताव?"

"साहेबांना शिळं चालत नाय गो," काका म्हणतात आणि पुढची शिंपली उचलतात.

काका बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी. त्यांच्यात खवले आणि पर असलेली मासळी चालते, शिंपलीतलं काही चालत नाही. आणि साहेब म्हणजे त्यांच्या घरातल्या काचेच्या टाकीतला मासा. दुकानातलं नाव कॉपरबँड. पांढऱ्या अंगावर तांब्याच्या रंगाच्या उभ्या पट्ट्या, पुढे चिमट्यासारखी लांब चोच आणि मागे पाठीवर एक काळा ठिपका, म्हणजे शत्रूला तोच डोळा वाटावा. दिसायला राजबिंडा, पण जात महानाजूक. पाणी जरा बदललं की रुसतो. रुसला की खात नाही. खाल्लं नाही की संपला. उघडलेल्या जिवंत तिसरीत चोच घालून मात्र आवडीने खातो.

"साहेबांना खवले हायत, पर पण हायत," काका मला एकदा समजावत होते. "म्हणजे साहेब आमच्यात चालतात. त्यांचं खाणं तेवढं चालत नाय."

साहेब खाऊन खाऊन किती खाणार? उरलेल्या तिसऱ्या काका डब्यात घालून, डबा दोन बोटांत धरून, माझ्या दारात आणून ठेवतात आणि साबणाने हात धुवायला पळतात. त्यांच्या कृपेने आमच्याकडे वरचेवर कालवण होतं, त्यामुळे साहेबांबद्दल वाईट बोलायची माझी प्राज्ञा नाही.

मी समोरच्या बिऱ्हाडात राहते आणि पापडाचा धंदा करते. काका इथे रामवाडीत आले ते नोकरी संपल्यावर. त्याआधी रोह्याला राहायचे आणि नागोठण्याला कंपनीत पाणी शुद्ध करायच्या प्लँटवर होते. त्यामुळे जगातल्या कुठल्याही प्रश्नावर त्यांचं एकच उत्तर: "आधी पाणी बघ." माझ्या मुलीला ताप आला, आधी पाणी बघ. पापड चिरायला लागले, आधी पाणी बघ. तिला स्थळ आलं तेव्हा मुलाचा पगार, शिक्षण सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "तें ठीक हाय, पण तिथं पाणी कसलं येतं?" मी तेव्हा हसले. लग्नानंतर पोरगी टँकरच्या रांगेत उभी राहायला लागली तेव्हा हसू आवरलं.

साहेबांच्या पाण्याची तर वेगळीच कथा. सुरुवातीला काकांनी आपल्याच मिठागरातलं मीठ आणून नळाच्या पाण्यात कालवलं. पेणच्या माणसाला मीठ विकत आणायचं म्हणजे अपमानच. ते पाणी चहासारखं झालं आणि चाचणीला सोडलेले दोन साधे मासे संध्याकाळपर्यंत उलटे झाले. "समुद्र म्हंजे नुसतं मीठ नाय गो," असं म्हणत काकांनी ती गोण माझ्या पापडखाराशेजारी आणून टाकली. तेव्हापासून ते दर महिन्याला एसटीने जाऊन खरा समुद्र कॅनमध्ये भरून आणतात. रात्रभर निवळू देतात, फडक्यातून गाळतात, खार मोजायचा काटा बुडवून बघतात.

आता पेणला जवळचा समुद्र अलिबागचा. पण काका जातात रोह्याला, आणि तिथून पुढे रेवदंड्याला. "अलिबागचं पाणी साहेबांना मानवत नाय." आम्ही सगळे या गोष्टीवर खूप हसायचो.

एकदा मी भाचीच्या साखरपुड्याला रोह्याला गेले होते. तिच्या सासरच्या मागच्या खिडकीतून यहुदी लोकांचं जुनं कबरस्तान दिसतं. थोडे दगड, बाकी सगळं रान. त्या रानात डॅनियलकाका कोयतीने गवत कापत होते. रिकामे कॅन भिंतीला टेकून ठेवले होते. एका दगडाभोवतीची जागा त्यांनी अंगण झाडावं तशी स्वच्छ केली, हाताने दगड पुसला आणि त्याच्याशेजारी डबा उघडून भाकरी खाल्ली. मग कॅन उचलून एसटी स्टँडकडे गेले. काकी मी कधी पाहिल्या नव्हत्या, काकाही त्यांचं नाव काढत नसत. घरी येऊन मी कुणाला काही बोलले नाही. पण अलिबागच्या पाण्यावर हसणं मला त्यानंतर जमलं नाही.

काकांना एक मुलगी, रूथ. ती नवऱ्याबरोबर इस्रायलला गेली, आणि जाताना बापाला करमावं म्हणून टाकी आणि हा मासा घेऊन दिला. पायावर धोंडा पाडून घ्यावा तर असा. कारण ती दर फोनला "पप्पा, आता इकडे या" म्हणते आणि काका म्हणतात, "साहेबांना कुणावर टाकू?" शेवटी वैतागून तिने त्यांच्याकडून वचन घेतलं की साहेब गेले की तिकीट. काकांनीही सगळ्या बिल्डिंगसमोर कबूल केलं, "साहेब हायत तवर मी हाय. साहेब गेले की मी पण सुटलो."

तेव्हापासून साहेबांची तब्येत हा आमच्या बिल्डिंगचा प्रश्न झाला.

मुलीची आठवण काकांना येत नव्हती असं नाही. साहेबांच्या टाकीतला दिवा आपला दिवस चांगला वर आल्यावर लागायचा आणि आपण जेवून आवरून झोपायला निघालो तरी जळत असायचा. मी विचारलं तर म्हणाले, "साहेबांची जनरल शिफ्ट हाय." मला उमजायला वेळ लागला. रूथच्या गावी उजाडतं तेव्हा साहेबांचं उजाडत होतं. शनिवारी त्यांचा शब्बाथ, त्या दिवशी काका बटणाला हात लावत नाहीत आणि दुसऱ्याला लाव म्हणूनही सांगत नाहीत. ते फक्त दारात येऊन हवेकडे बघत म्हणतात, "साहेबांना अंधार वाटतोय वाटतं." मग मी हातातलं लाटणं ठेवून जाते आणि बापलेकीचा दिवस सुरू करून देते.

गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी वादळ झालं, खांब पडले आणि लाईट गेली ती येईचना. काकांचा इन्व्हर्टर माणसांसाठी नव्हताच, तो साहेबांसाठी. तोही दम तोडायला लागला. पाण्यात हवा जाईना. तेव्हा काकांनी दारावर येऊन कंपनीतल्यासारख्या शिफ्ट लावल्या. तळमजल्यावरचे मूर्ती रंगवणारे म्हात्रे सायकलचा पंप घेऊन आले, त्याला नळी जोडली आणि आम्ही पाळीपाळीने पंप मारत बसलो. म्हात्र्यांची बायको कुरकुरली, "येका माशासाठी आख्खी बिल्डिंग घामाघूम." म्हात्रे पंप मारतामारता म्हणाले, "माशासाठी नाय गो. यो गेला का काका गेले." मग तीही पदर खोचून बसली.

लाईट आली. साहेब तरले. आमचे पेढे वाटायचेच बाकी होते. पण साहेबांनी खाणं सोडलं. काका ताज्या तिसऱ्या उघडून समोर धरायचे, साहेब तोंड फिरवायचे. मग एक दिवस टाकीवर चादर आली. "साहेबांना आराम हवाय. कुणी आत यायचं नाय." काका बाजारात दिसेनात. नंतर म्हणाले, मुंबईला डोळे दाखवायला जातो. आले ते थर्माकोलचा खोका घेऊन. मी विचारलं, हे काय, तर म्हणाले, "औषधं."

दोन दिवसांनी चादर निघाली. साहेब तिसरीत चोच खुपसून आडवा हात मारत होते. आजारपणात माणूस बारीक होतो. साहेब चक्क लहान झाले होते.

सगळी बिल्डिंग बघायला आली. म्हात्रे रंगाचा माणूस, पट्टीपट्टीतला फरक ओळखणारा. ते काचेला नाक लावून बराच वेळ बसले आणि उठून म्हणाले, "साहेबांना पाणी मानवलं." काकांनी मान खाली घातली.

दिवाळीच्या सुमारास रूथ आली. चांगली तीन आठवडे राहिली. बापाबरोबर रोह्याला गेली, रेवदंड्याचे कॅन तिनेही उचलले. निघायच्या आदल्या दिवशी माझ्या ओट्याशी उभी राहून भांडी पुसताना तिने हळूच विचारलं, "ताई, हे साहेब कितवे हो?"

"कितवे म्हणजे?" मी म्हटलं. मला खोटं नीट बोलता येत नाही.

ती हसली. "मी दिलेल्याचा काळा ठिपका मागून फाटलेला होता. तो तर पहिल्याच वर्षी फोनवर दिसायचा बंद झाला. त्यानंतरचा एक होता, आणि हा तर अगदीच पोर आहे."

"मग बोलली नाहीस कधी?"

"बोलले असते तर त्यांना यावं लागलं असतं. शब्दाचे पक्के आहेत." ती तेच ताट पुन्हा पुन्हा पुसत राहिली. "मला ते हवेत हो ताई. रोज हवेत. पण परवा मम्मीपाशी बसलेले बघितले आणि वाटलं, यांना इथून कसं उपटायचं? आता फोन लावला की मीच आधी टाकीकडे बघते. मासा हलताना दिसला की जिवात जीव येतो."

मी तिच्या हातातलं ताट घेतलं आणि तिला जवळ ओढलं.

दुसऱ्या दिवशी गाडी दारात उभी. बॅगा गेल्या, पाया पडून झालं, आणि रूथ मागे वळून टाकीपुढे जाऊन बसली. काका दारात उभे होते. ती काचेवर बोट ठेवून माशाला म्हणाली, "साहेब, तब्येत सांभाळा. रिटायर व्हायचं नाही एवढ्यात. मी येत जाईन." मग बापाकडे न बघता खाली उतरली.

गाडी वळली. काका जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले. मी शेजारी.

"ओळखलंन काय गो तिनं?"

"नाही काका," मी म्हटलं.

"ओळखलंन." ते रस्त्याकडेच बघत होते. "तिची आय पण अशीच. सगला समजायचा तिला, आन् गप बसायची."