गणूदादांचा कॉर्नर

गणूदादा भुवड माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, घोट्याकडे बघतात.

रत्नागिरी शहर संपता संपता आमच्या वाडीचा स्टॉप लागतो, तिथे माझं औषधाचं दुकान आहे. पावसाळ्यात दुपारी चारनंतर दादा येतात, छत्री दाराशी टेकवतात, बाकावर बसतात आणि आल्यागेल्याचे पाय न्याहाळू लागतात. गिऱ्हाईक बिचारं खोकल्याचं औषध मागत असतं आणि ह्यांची नजर त्याच्या चपलेच्या वर चार बोटं. ते गेलं की म्हणणार, "डाक्टर, कोन हो हा? पाय बरा हाय. ऑप्शन होऊ शकतो."

मी डॉक्टर नाही, हे त्यांना वीस वर्षं सांगतो आहे. ते ऐकतात, मान हलवतात आणि "बरं डाक्टर" म्हणतात. मी वाद सोडला.

दादा आमच्या वाडीच्या कबड्डी मंडळाचे सर्वेसर्वा. मी सेक्रेटरी, पण माझं अक्षर चांगलं म्हणून. 'ऑप्शन' हा शब्द त्यांनी टीव्हीवरच्या खेळाडूंच्या लिलावातून उचलला आणि मग तो त्यांना इतका आवडला की कुठेही चालू लागला. बाजारात मासळी महाग असली की कोळणीला विचारणार, "दुसरा ऑप्शन?" एकदा त्यांच्या घरी जेवायला बसलो तर भात वाढणाऱ्या वहिनींना म्हणाले, "आमटीला ऑप्शन हाय काय?" वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला.

आमच्याकडे सामने दसऱ्याला सुरू होतात आणि शिमग्यानंतर महिनाभर रेंगाळतात. पाऊस लागला की मैदानाचा चिखल होतो. अर्धा संघ भातलावणीला जातो, उरलेला अर्धा मुंबईला. हा काळ सगळ्यांच्या विश्रांतीचा, एकटे दादा सोडून. ते म्हणतात, "सामना पावसात जिकतात, डाक्टर. उन्हात नुसता खेळतात." कोणाचा गुडघा गेला, कोणाचं लग्न ठरलं, मुंबईत कोणाची नोकरी सुटून तो गावी येण्याचा संभव आहे, ही सगळी माहिती आषाढात त्यांच्याकडे जमा होते. कोणाची नोकरी सुटली की वाडीत दोन घरं हळहळतात. दादा मात्र खुलतात.

मंडळाचा नियम असा की खेळाडू वाडीचाच हवा. जावई चालतो, पण त्याने एक अख्खा पावसाळा वाडीत काढलेला असला पाहिजे. माझ्या पुतणीच्या लग्नात नवरदेव हेदवीहून आला. मंगलाष्टकं चालू होती. सगळे नवरानवरीकडे बघत होते आणि दादा मान वाकडी करून पितांबराखालचे घोटे बघत होते. शेवटच्या अक्षता पडतात न पडतात तोच पुढे होऊन त्यांनी मुलाला विचारलं, "इकडं राहनार काय?" मुलाला वाटलं, मुक्कामाचं विचारतायत. "हो, चार दिवस," तो म्हणाला. दादा हिरमुसून जेवायला गेले.

इथवर हसण्यासारखं आहे. आता कॉर्नरचं सांगतो.

कबड्डीत सात जण. कडेला उभा राहतो तो कॉर्नर; आत आलेल्या रेडरचा घोटा धरायचं काम त्याचं. आमच्या संघाचा कॉर्नर होता सुधाकर, दादांचा धाकटा भाऊ. तो कडेला आणि दादा त्याच्या शेजारी, अशी जोडी दहा-बारा वर्षं खेळली. पावसाळा सरला की सुधाकर ट्रॉलरवर खलाशी म्हणून जायचा आणि सामन्यांपुरता परत यायचा. अकरा वर्षांपूर्वी नारळी पौर्णिमेनंतर बोट गेली आणि वादळात उलटली. बाकीचे पोहून आले, सुधाकर आला नाही. पुढे किनाऱ्यालाही काही लागलं नाही.

दादांनी खेळणं त्याच वर्षी सोडलं आणि संघ चालवायला घेतला. मी यादी लिहायला बसलो की ते एकेक नाव सांगत आणि कॉर्नरपाशी थांबत. "ती जागा ऱ्हाऊ दे," म्हणत. "रिकामी नाय ती."

सात जणांशिवाय खेळता येत नाही, म्हणून तिथे कोणालातरी उभं करावं लागे. दादा त्याला 'हंगामी' म्हणत. सरकारी कचेरीत असतात तसे आमच्याकडे हंगामी कॉर्नर होऊन गेले. एकही दुसऱ्या वर्षी टिकला नाही. त्याचं कारण माझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही, कारण ते सगळे माझ्या दुकानात आले.

त्यांना चिखल्या व्हायच्या. शेतात पाण्यात उभं राहून पायाच्या बोटांच्या बेचक्यात होतात त्या. श्रावणात मी त्यावरच्या मलमाच्या ट्यूबा खोक्याने विकतो, त्यात नवल नाही. हे मात्र यायचे माघात. आमचं मैदान जांभ्याच्या सड्यावर, उघड्या माळावर; माघात तिथे पायाखाली तांबडी धूळ उडते. तरी पोराची बोटं पांढरी, सुरकुतलेली, कडेने सोललेली. पहिल्याला मी विचारलं, "कुठे पाण्यात काम करतोस काय?" तो म्हणाला, "नाय हो. तिथं उभा ऱ्हायलो की पाय गार पडतात." त्याला मी बुटात ओल राहत असेल म्हणून सांगितलं. दुसरा अनवाणी खेळणारा होता. तिसऱ्याला मी काही विचारलं नाही, नुसती ट्यूब दिली.

मग ते आठ जणांचं प्रकरण सुरू झालं. चिपळूणकडचा एक संघ आला होता. त्यांचा रेडर भरवेगात मध्यरेषेपर्यंत आला, थबकला आणि पंचांकडे वळून म्हणाला, "आठ हायत." पंचांनी मोजले तर सात भरले. सगळे हसले, मीही हसलो. पुढच्या वर्षी निराळ्याच गावचा, निराळाच रेडर, आणि तेच म्हणणं. तिसऱ्या खेपेला तर खुद्द पंचच मध्ये थांबले. म्हातारे, अनुभवी गृहस्थ. त्यांनी बोट करून मोजलं, चष्मा पुसला, पुन्हा मोजलं आणि शिट्टी मारली. उरलेला सामना त्यांनी लांबच्या कडेला उभं राहून चालवला.

लोक म्हणाले, बदली खेळाडू रेषेला खेटून उभे राहतात, त्याने फसगत होते. मला ते पटलं होतं. पण दादांच्या संगतीने मलाही माणसांचे पाय बघायची खोड लागली आहे. एका सामन्यात मी बाकावर बसून, सहज, आमच्या संघाचे पाय मोजले. चौदा हवेत. सोळा भरले. मी वर बघितलं तर माणसं सात. खाली बघायचं धाडस मला पुन्हा झालं नाही. घरी गेल्यावर मी बायकोलाही हे सांगितलं नाही. औषधाचा दुकानदार असलं बोलू लागल्यावर गोळ्या कोण विश्वासाने घेणार?

दादांना मात्र ह्यात काहीच वावगं वाटत नसे. सराव चालू असता मध्येच कडेकडे बघून म्हणायचे, "पाय आत घे रे." पोरं आपापले पाय तपासायची. सगळ्यांचे आतच असायचे.

नवा खेळाडू घ्यायचा तर आमच्याकडे ग्रामदेवीचा कौल घेतात. नांगर धरण्यापासून बोअरिंग मारण्यापर्यंत सगळं तिला विचारून होतं, मग कबड्डीने काय घोडं मारलंय? श्रावणातल्या सोमवारी, भर दुपारी देवळात जमायचं. गुरव पाषाणाच्या छातीवर दोन बाजूंना दोन ओल्या पाकळ्या चिकटवतो. "मनात धरा," म्हणतो. विचारणारा डोळे मिटून मनातल्या मनात विचारतो. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

बाकीच्या जागांना देवी फार ताटकळत ठेवत नाही. गेल्या साली एका बदली खेळाडूला तर दादांनी डोळे मिटायच्या आत तिने होकार दिला. पण कॉर्नर म्हटलं की डावी. अकरा वर्षं, कोणीही असो, डावी. तालुक्यात ज्याच्या पकडीला तोड नव्हती असा एक जण नोकरी सोडून गावी आला होता. त्यालाही डावी. "देवीला कबड्डीतलं कळत नाय," असं पोरं बाहेर येऊन हळू आवाजात म्हणाली. गुरवाने ऐकलं आणि त्यांना प्रसाद दिला नाही.

यंदा ते हळू आवाजाचं राहिलं नाही. ओमकार म्हणून एक पोरगा आहे, सव्वीस वर्षांचा, चिपळूणला नोकरीला. सरळ, मेहनती, घोटा धरला की सोडत नाही. गेलं वर्षभर तो हंगामीच आहे. आषाढात संघातली सगळी पोरं माझ्या दुकानात येऊन उभी राहिली. दादा बाकावरच होते.

"दादा, यंदा ओमकारला कायम करायचा," त्यांच्यातला मोठा म्हणाला. "नायतर आमी खालच्या वाडीच्या मंडळात नाव घालताव. सगळे."

"देवी नाय म्हनली तर?"

"तरीपन."

दादांनी सगळ्यांच्या पायांवरून एक नजर फिरवली. "बगू," ते म्हणाले. "सोमवार येऊ दे." पोरं गेली, दादा बाकावरच राहिले. मंडळ म्हणजे त्यांचं सगळं आयुष्य. मूलबाळ नाही, ही सहा-सात पोरं गेली तर पुढच्या पावसाळ्यात त्यांनी कोणाचे घोटे बघायचे? मला वाईट वाटलं. मी म्हटलं, "दादा, कौल न घेताच करून टाका की कायम."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मलमाच्या ट्यूबा नीट लावू लागलो.

पहिल्या श्रावणी सोमवारी देवळात बाहेरच्या पावसामुळे समईपुरताच उजेड होता. पोरं सभामंडपात भिंतीला टेकून उभी. ओमकार पुढे, हात जोडून. गुरवाने पाकळ्या लावल्या. "धरा मनात."

दादांनी डोळे मिटले. मी देवीकडे बघत होतो. दगड ओलसर होता, पाकळ्या घट्ट बसलेल्या. वारा नव्हता, समईची ज्योत सरळ होती. माझ्या मागून कोणीतरी गाभाऱ्याकडे पुढे सरकल्यासारखं वाटलं. मी वाट द्यायला बाजूला झालो आणि मागे बघितलं. मागे नुसता खांब होता.

उजवी पाकळी पडली.

आधी कोणाला खरंच वाटेना. मग गुरवाने "उजवा!" म्हणून हाक दिली आणि पोरांनी जो गलका केला, तो देवळात शोभेल असा नव्हता. ओमकारला खांद्यावर घेतलं. कोणी घंटा बडवली, कोणी नारळ आणायला धावलं. मलाही बरं वाटलं. वळून दादांचं अभिनंदन करायला गेलो तर ते जागेवर नव्हते.

देवळाच्या मागच्या पायरीवर बसले होते, पागोळ्यांखाली. मी म्हटलं, "सुटला की हो प्रश्न!"

"मी ओमकारचं विचारलं नव्हतं, डाक्टर."

"म्हणजे?"

"कदी कोनाचंच नाय विचारलं." ते समोरच्या पाण्याकडे बघत बोलत होते. "कॉर्नरची पाळी आली की मी येकच विचारायचो. सुध्याचे दिवस करू काय? देवी नाय म्हनायची. आकरा वर्षं नाय म्हनली. पोरं हिरमुसायची आनि मी घरी जाऊन दोन घास जास्त जेवायचो. मंजे हाय कुटंतरी. येल."

त्या तालुक्यातल्या नामांकित कॉर्नरपासून आजवर जितके नाकारले गेले ते सगळे माझ्या डोळ्यांपुढून गेले. एकाच्याही नावाने कधी पाकळी लागली नव्हती.

"आजपन त्येच विचारलं," दादा म्हणाले. "येवढी पोरं सोडून जानार, तरी त्येच विचारलं. आज हो म्हनली."

आतून घंटा वाजतच होती. मी त्यांच्या शेजारी ओल्या पायरीवर बसलो. इतकी वर्षं ह्या माणसाला मी गमतीचा विषय केला होता, त्याची मला लाज वाटली.

"दिवस करताना येशाल काय बरोबर?" त्यांनी विचारलं. "पानी सोडायला येकट्याला नाय जमायचं मला."

"येईन," मी म्हटलं.

"आनि पोरांना सांगू नका. ओमकारसाठीच पडली, असं वाटू दे त्यांना. चांगला हाय तो."

तेवढ्यात ओमकार शोधत आला. सभामंडपातच जरा सराव करायचं पोरांनी ठरवलं होतं. दादा उठले, तोंडावरून हात फिरवला आणि आत गेले. कॉर्नरने कसं उभं राहायचं ते ओमकारला सांगू लागले. सांगता सांगता स्वतःच त्याच्या शेजारी उभे राहिले. अकरा वर्षांत कॉर्नरच्या शेजारी त्यांनी पाऊल ठेवलेलं मी बघितलं नव्हतं. त्यांनी ओमकारचा हात हातात घेतला आणि दोघांची साखळी केली.

एक पोरगा कबड्डी कबड्डी करत आला, त्या दोघांनी त्याला धरला, पाडला. तो हसत उठून आपल्या जागी गेला. बाकीच्यांनी हात सोडले, कोणी पाणी प्यायला गेलं, कोणी नारळ फोडायला. मंडपात दोघेच राहिले.

"दादा, झाली पकड," ओमकार म्हणाला. "हात सोडा आता."

दादांनी सोडला नाही.