दहावा विद्यार्थी

एखाद्या संस्थेचा इतिहास लिहायला घेतला, की तिची प्रकृती बरी नाही असं समजावं. बिळेकल्लूरच्या सरकारी कन्नड कनिष्ठ प्राथमिक शाळेच्या इतिहासासाठी सतरा जणांची समिती नेमली, तेव्हा पटावर नऊ मुलं होती. शुक्रवारपर्यंत दहावं मिळालं नाही, तर शाळा तीन किलोमीटरवरच्या शाळेत विलीन होणार होती.

इतिहास उज्ज्वल निघाला. १९३८ साली बसवण्णाच्या देवळाच्या ओसरीवर स्थापना. छप्पर पडलं पाच वेळा, दुरुस्त झालं चार वेळा (पाचव्याचा प्रस्ताव विचाराधीन आहे). शाळेने समाजाला एक तहसीलदार, दोन इंजिनियर आणि एकेचाळीस शिक्षक दिले. शिक्षक सर्व इतरत्र शिकवतात.

बैठकीत मुख्याध्यापिका महादेवक्कांनी समितीचे अध्यक्ष चन्नबसप्पा यांना विचारलं, "अण्णा, तुमचा नातू सहाचा झाला ना?"

"झाला की. पण त्याची इंग्लिश शाळेची व्हॅन दारात येते, अक्का. इथे चालत यावं लागेल."

"चाळीस पावलं आहेत."

"उन्हातली."

(समितीच्या सतरा घरांत शाळेच्या वयाची बावीस मुलं आहेत. व्हॅन दोन लागतात.)

मग जुन्या हजेरीपटात तोडगा सापडला. शाळा सोडल्याचा दाखला नेल्याशिवाय नाव कमी होत नाही. चन्नबसप्पा तिसरीत असताना म्हशींमागे गेले, ते परत आले नाहीत. दाखलाही नेला नाही. म्हणजे ते अजून तिसरीतच होते, फक्त छप्पन्न वर्षं गैरहजर. समितीने हे एकमताने मान्य केलं. बुधवारी ते बाकावर बसले, दुपारच्या जेवणातलं केळं त्यांनी खाल्लं आणि हातच्याच्या बेरजा चुकवल्या.

तपासनीस आले. "हे कोण?"

"तिसरी," महादेवक्का म्हणाल्या. "गुडघा धरलाय, म्हणून उभे राहिले नाहीत."

"बाई, मला पोर दाखवा."

त्यांनी नाव खोडलं. मुदत शुक्रवारचीच राहिली.

गुरुवारी इतिहासाच्या हजार प्रती दुपारपर्यंत संपल्या. दोनशे बारा वाचकांनी डोळे पाणावल्याचं कळवलं. त्यांत समितीचे सतराही होते. महादेवक्कांनी सगळे निरोप दोनदा वाचले.

"पोरगं एकातही नाही," त्या म्हणाल्या.

तुम्हालाही एव्हाना हळहळ वाटली असेल. ती शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत शाळेत स्वीकारली जाईल. सोबत मुलाचं नाव आणि जन्मतारीख लिहावी.