रावसाहेबांच्या बेंबीची मोहीम

सकळ श्रोतेजनीं आपापल्या पोटावर हात ठेवोन ऐकावे. कोपरखैरण्याचे मुक्कामी रावसाहेब म्हणोन गृहस्थ, तुर्भ्याचे कारखान्यातून निवृत्त, उदर भरदार परंतु स्वभाव भिडस्त. त्यांची कन्या संघप्रिया मातीची शिल्पे घडविण्यात वाकबगार. तिने पहिल्या प्रदर्शनाकरिता तीर्थरूपांचे पोट घडवावयाची मसलत केली. रावसाहेबांनी तह केला की, बनियन एकवार वर करू, परंतु पोट कोणाचे हे जाहीर न व्हावे. मग कन्येने पोट पोकळ घडविले, आणि भट्टीत वाफ निघावी म्हणोन बेंबीचे भोक राखिले.

माती सुकली, आणि मग पोट लुगड्यात गुंडाळोन रावसाहेबांनी रिक्षात मांडीवर घेतले, आणि पोटापुढे पोट ऐशी स्वारी, गतिरोधकागणिक श्वास कोंडीत, बेलापुरी नमिताबाईंचे भट्टीस दाखल जाहली. भट्टीत इतर कलावंतांचे कान, गुडघे, टाचा ठाण मांडोन होत्या, आणि ते कलावंतही भोवती जमले होते. तोच कन्येस मातोश्री जाईबाईंचा फोन आला.

"पोटाला भोक पडलं हुतं गं. म्या काल माती लावून बुजवलं. आता कसं गुळगुळीत हाय."

संघप्रिया बेंबीच्या देठापासून ओरडली. वाफ कोंडोन पोट फुटेल, आणि सर्वांचे कान-गुडघे घेवोन जाईल, ऐसा बाका प्रसंग. अन्यत्र टोचिता सुकी माती तडकणार. बुजविले ते आतून नरम खरे, परंतु मातोश्रींचा हात ऐसा सफाईदार की जागा उमगेना.

नमिताबाईंनी निर्वाणीचे सांगितले, "बेंबी गावत नाय तर पोट बाहेर काडा. मी भट्टी लावते."

कन्येचे डोळे भरले. ते पाहोन रावसाहेब उठले, आणि भर दरबारी सदऱ्याच्या गुंड्या सोडिल्या, आणि खासा हाते बनियन वर केले.

"घे माप. हसायचं त्यांनी नंतर हसा."

मग कन्या वितीने बरगडीपासोन मापू लागली, आणि रावसाहेबांस गुदगुल्या जाहल्या, आणि पोट गदगदा हालोन बेंबी माघार घेऊ लागली, आणि अवघी फौज हसोन लोळली. अखेर श्वास रोखावा ऐसा हुकूम सुटला, माप मातीच्या पोटावर जुळले, आणि कन्येने तेथे केसांतील आकडा टोचिताच मातोश्रींची डागडुजी आत ढासळली.

येणेप्रमाणे बेंबी फत्ते जाहली, हे दप्तरी दाखल. पोट भट्टीतून शाबूत निघाले, कान-गुडघेही सलामत. प्रदर्शनाचे दारी जाईबाईंचे हात तपासोनच त्यांस आत सोडिले. रावसाहेबांनी तह आपणच मोडोन पोटाखाली स्वतःचे नाव लिहविले, आणि शेजारी गुंड्या मोकळ्या सोडोन उभे राहिले, की ज्यास शंका असेल त्याने ताडोन पाहावे.