खिडकीतली बाई आणि झोपलेली मनाली

"बघितलास काय गो पिक्चर?" जहाजावरून नवऱ्याने, अमरदीपने, विचारलं आणि मिरजोळ्याच्या स्वयंपाकघरात मनालीने स्पीकरवरचा फोन घट्ट धरला.

ब्लॅक अँड व्हाइट परदेशी पिक्चर. जगातल्या शहाण्यांनी डोक्यावर घेतलेला. ज्याला भिडला नाही तो दगड, असं एकाने इंटरनेटवर लिहूनही ठेवलेलं. अमरदीप बोटीवर तो बघून ढसाढसा रडला होता. "तू बघ, मग आपण बोलू," म्हणाला होता. मनालीला पिक्चरचं काही पडलं नव्हतं. तिला ते 'बोलू' हवं होतं. लग्न होऊन आठवडा होतो न होतो तोच नवरा बोटीवर गेला. फोनवर चार वाक्यं झाली की दोघं नुसती गप्प बसायची.

म्हणून काल रात्री ती सासूला, येसूबाईंना, सोबत घेऊन पिक्चर बघायला बसली होती. पडद्यावर एका खलाशाची बायको खिडकीत उभी राहिली. राहिली ती राहिलीच.

"ही अजून उभीच? घरात कामं नायत हिला?"

"नवऱ्याची वाट बघतेय, आई."

"मग बसून बघ म्हणावं!"

मनालीने रडायचा प्रयत्न केला. जमेना. नवऱ्याची वाट बघणारी बाई बघायला दोन तास कशाला घालवायचे? आरशात फुकट दिसते. तिचा डोळा लागला.

पण आता फोनवर ती म्हणाली, "बघितला. खूप रडले."

तिथेच थांबायचं की नाही! नवरा खूश झाला तशी ही चेकाळली. "त्यातलं ते मौन... प्रकाश आणि सावल्यांची भाषा..." इंटरनेटवरच्या शहाण्याचं वाक्य तिने जसंच्या तसं फेकलं.

"थांब, स्पीकरवर टाकतो!" अमरदीप ओरडला. "इथे सगळे म्हणतायत, तुझ्या बायकोला हा पिक्चर कळायचा नाय. सांग यांना, शेवटी ती खिडकी का बंद करते?"

मनाली चाचरली. "म्हणजे... वारा..."

"कसला वारा!" मागून येसूबाई कडाडल्या. "झोपली होती ही! अशी घोरत होती, मला पिक्चरातलं काय ऐकू येईना!"

बोटीवर हशा उसळला. मग तिकडचा स्पीकर बंद झाला. संपलं, मनालीला वाटलं. आता हा आपल्याशी कशाला काय बोलतोय!

"घोरते?" अमरदीपचा आवाज एकदम खाली आला. "मला माहीतच नाय. आये, कशी घोरते गो ती?"

येसूबाईंनी फोन हिसकावला आणि नाक फेंदारून सुनेची हुबेहूब नक्कल केली. शेवटच्या शिट्टीसकट. मनालीने ओढणीत तोंड लपवलं.

पलीकडून हसू आलं नाही. इंजिनाची घरघर तेवढी येत राहिली.

"आये," तो म्हणाला, "परत एकदा."